शिकल्याचा दाखला जोडावा

इंग्लंडमधल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांचं पंचांग वेगळं असतं. सम वर्ष निवांत, विषम वर्ष कडक. विषम वर्षी 1 ऑगस्टला आमच्या नोंदणीचं नूतनीकरण सुरू होतं आणि 31 ऑक्टोबरला संपतं. त्याच्या चार दिवस आधी, 27 ऑक्टोबरला, जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिन. त्या दिवशी विभागात पताका लागतात, केक कापला जातो आणि निम्मी मंडळी एका हातात केकची बशी धरून दुसऱ्या हाताने विसरलेला पासवर्ड बदलत असतात. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करणं आम्ही पेशंटकडून महिनोन्‌महिने घोटवून घेतो. इथे ते आपोआप साधतं.

नूतनीकरण तसं सोपं. पैसे भरायचे, ‘मी माझं व्यावसायिक शिक्षण चालू ठेवलं आहे’ असं जाहीर करायचं, झालं. पण आमची नोंदणी ज्यांच्याकडे असते ते हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, दर खेपेला अडीच टक्के लोकांची नावं कुठलाही निकष न लावता काढतं आणि म्हणतं, जाहीर केलंत ना, आता दाखवा. म्हणजे चाळिसात एक. आमच्या घराण्यात दोन पिढ्यांनी म्हाडाच्या लॉटरीचे अर्ज भरले, कधी नाव लागलं नाही. इथे अर्जही न करता लागलं.

मुंबईतल्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही दोघी केईएमच्या एकाच बॅचच्या. तिकडे परिषदांना, कार्यशाळांना क्रेडिट पॉइंट असतात. माणूस बॅग, जेवणाचं कुपन आणि सर्टिफिकेट घेऊन घरी येतो आणि ज्ञानात किती भर पडली ते सर्टिफिकेटवरच छापलेलं असतं.

“किती पॉइंट लागतात गं तुमच्याकडे?”

“एकही नाही.”

“मग तास?”

“तासांचीही अट नाही.”

“मग रडतेस कशाला?”

रडायचं कारण तेच. पॉइंट नाहीत, तास नाहीत. आहेत ती पाच मानकं. शिक्षणाची नोंद सलग, ताजी आणि अचूक ठेवा. शिक्षण निरनिराळ्या प्रकारचं आणि कामाशी संबंध असलेलं हवं. त्याने कामाचा दर्जा सुधारला पाहिजे. त्याचा पेशंटला फायदा झाला पाहिजे. आणि मागितलं की हे सगळं स्वतः लिहून, पुराव्यासकट सादर करा: कामाचा गोषवारा 500 शब्दांपर्यंत, निवेदन 1500 शब्दांपर्यंत.

आमची पिढी ‘सबमिशन’वर वाढलेली. जर्नल पूर्ण करायचं ते आदल्या रात्री, हॉस्टेलवर. एकीने आकृत्या काढायच्या, दुसरीने नावं द्यायची, तिसरीने लाल पेनने रेघा मारायच्या. मॅडमनी शेवटच्या पानावर सही केली की शिक्षण झालं. आत काय आहे ते मॅडमनी पाहिलं नाही आणि आम्हीही. इथे सही करायला कुणीच नाही. तुम्हीच शिकायचं, शिकलात की नाही ते तुम्हीच ठरवायचं आणि त्याचा कुणाला काय उपयोग झाला तेही तुम्हीच सांगायचं.

शिकणं कशाकशाला म्हणता येईल याची यादी मात्र कौन्सिलने उदार मनाने दिली आहे. लेख वाचणं, सहकाऱ्यांशी चर्चा, विद्यार्थ्यांवर देखरेख, दुसऱ्या विभागात जाऊन काम पाहणं. एवढंच काय, इंटरनेट आणि टीव्हीवरून ज्ञान ताजं ठेवणंही त्यात बसतं. हे नवऱ्याला सांगितलं आणि पस्तावले. रात्री मराठी मालिका लावली की तो विचारतो, “लिहून ठेवलंस का?” परवा मालिकेतल्या सासूला सोमवारी डाव्या बाजूचा अर्धांगवायू झाला, बुधवारी तो उजव्या बाजूला सरकला आणि शुक्रवारी देवळातली घंटा ऐकून बाई ताडकन उठून चालायला लागल्या. मी तावातावाने एकेक चूक काढायला लागले. तो म्हणाला, “क्लिनिकल ऑडिट. हेही यादीत आहे ना?” आहे.

पण नुसतं ‘अमुक केलं’ म्हणून भागत नाही, त्यावर चिंतन लागतं. त्यासाठी ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 साली मांडलेलं सहा टप्प्यांचं चक्र आहे: काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय झालं, तसं का झालं, निष्कर्ष काय, पुढे काय करणार. काय घडलं ते सांगण्यात मी कुणाला हार जाणार नाही. गाडी दुसऱ्या टप्प्यावर अडते. ‘काय वाटलं?’ या प्रश्नाला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे: काही नाही. अगदीच आग्रह झाला तर ‘बरं वाटलं’. माझी वरिष्ठ ते वाचून म्हणाली, “जरा अजून खोलात जा.” मी ‘खूप बरं वाटलं’ केलं.

त्याच सुमाराला वॉर्डात एक आजोबा होते. निवृत्त इलेक्ट्रिशियन, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, घरी एकटे. घरी सोडण्याआधी आमच्याकडे किचन असेसमेंट असतं. विभागातल्या छोट्या स्वयंपाकघरात पेशंटने चहा करायचा आणि आम्ही बघायचं: किटली भरताना तोल राहतो का, कपाटापर्यंत हात जातो का, कशानंतर काय ते लक्षात आहे का, उकळतं पाणी कपात पडतं की बाहेर. आजोबा वॉकर धरून किटलीसमोर उभे राहिले. तिच्याकडे पाहिलं, दुधाची बाटली ओट्यावर काढून ठेवली आणि थांबले. ‘क्रम लक्षात राहत नाही’ या ओळीपुढची चौकट फॉर्मवर तयारच होती.

मी विचारलं, “घरी चहा कोण करायचं?”

“बायको. बावन्न वर्षं.”

“त्या गेल्यापासून?”

“पाणी पितो.”

माणसाने जन्मात न केलेलं काम त्याला करायला लावून त्याच्या मेंदूबद्दल मत कसं द्यायचं? मी एक सुटा प्लग, वायरीचा तुकडा आणि स्क्रूड्रायव्हर पैदा केला. आजोबा उंच स्टुलावर टेकले. वायरीचं वरचं आवरण सोललं, तपकिरी वायर उजवीकडे, निळी डावीकडे, हिरवी-पिवळी वर, वायर धरून ठेवणारी पट्टी घट्ट केली. झाकण लावायच्या आधी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“फ्यूज 3चा की 13चा?”

“काय फरक पडतो?”

“कशाला लावणार त्यावर आहे, पोरी.”

“किटलीला.”

“मग 13.”

क्रम, नजर, बोटांची ताकद, जोखमीचं भान, सगळं त्या एका प्लगमध्ये दिसलं. स्क्रू पिळून झाल्यावर ते म्हणाले, “आता तो चहा कसा करतात तेही दाखव.” दाखवला. दूध आधी की नंतर या इथल्या राष्ट्रीय वादात मात्र मी पडले नाही.

आता हे फाइलमध्ये कुठे घालायचं? कोर्स नव्हता. सर्टिफिकेट नव्हतं. पुरावा म्हणून प्लग जोडावा, तर फक्त कागद अपलोड होतात. चौथं मानक म्हणतं, पेशंटचा फायदा दाखवा; गोपनीयता म्हणते, पेशंट दाखवू नका. त्यात आमच्या व्यवसायाची गोम अशी, की काम फत्ते झालेला माणूस पुन्हा आमच्याकडे फिरकत नाही. सगळ्यात पक्का पुरावा घरी बसून चहा पीत असतो आणि आमच्या फाइलला लागलेलं असतं वजन उचलण्याच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट. ते मिळवायला एकही खोकं उचलावं लागत नाही, ‘पुढे’ दाबत बसावं लागतं.

कमलाबाई निंबकरांना हा फॉर्म दिला असता तर काय झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं. जन्माने अमेरिकन, लग्नाने आपल्याकडच्या झालेल्या या बाईंनी 1950 साली केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं आणि हा व्यवसाय भारतात रुजवला. कोणता कोर्स केलात? नुसता केला नाही, काढला. पुरावा? मागे उभ्या आहेत त्या सगळ्या बॅचेस. 1500 शब्दांत बसवा. राहू द्या.

गंमत म्हणजे नोंदी वेळच्या वेळी का होत नाहीत, याचा इलाज आमच्याच पुस्तकात आहे. दिवसभर आम्ही लोकांना सांगत फिरतो: मोठ्या कामाचे तुकडे करा, सगळं एका दिवशी ओढू नका, लागणारी वस्तू हाताशी ठेवा, नवं काम रोजच्या एखाद्या सवयीला जोडा. संधिवात झालेल्या बाईंचं अख्खं कपाट आम्ही याच हिशेबाने लावून देतो. म्हणून निवड झाल्याचं पत्र आल्यावर मी माझंच असेसमेंट केलं. पेशंट: मध्यमवयीन महिला. चालणं-फिरणं स्वतंत्र. शिक्षणाच्या नोंदींचा विषय निघाला की फ्रिज साफ करायला घेते. सूचना: दिवसाचं काम संपलं की गाडी सुरू करण्याआधी फोनमध्ये दोन ओळी. फ्रिजपासून लांब.

त्या दोन ओळींनी एक काम केलं. आजोबांची हकिगत लिहिताना सहाव्या टप्प्यावर आले, ‘पुढे काय करणार?’, आणि तिथे ‘बरं वाटलं’ चालेना. काहीतरी करणं भाग होतं. मग आम्ही विभागात चर्चा करून किचन असेसमेंटच्या फॉर्मवर सगळ्यात वर एक ओळ वाढवली: ‘घरी हे काम कोण करत असे?’ आता चहाच्या आधी तो प्रश्न येतो. कुणी चहा करतं, कुणी सँडविच, एका बाईंनी मांजराचं जेवण काढून दाखवलं. तो फॉर्म जुना आणि नवा असा शेजारी-शेजारी जोडला. माझ्या सगळ्या फाइलीत शिकल्याचा खरा पुरावा ती एक ओळ होती, आणि कुणी मागितला नसता तर ती लिहिलीही गेली नसती. एचसीपीसीबद्दल एवढं चांगलं बोलायची माझी तयारी नव्हती, पण आहे ते आहे.

फाइल मान्य झाल्याचं कळल्यावर आईला फोन केला.

“किती टक्के?”

“टक्के नसतात गं.”

“बरं, नंबर कितवा?”

“नंबरही नसतो. मानकं पूर्ण केली, एवढंच.”

“पण पेपर कुणी तपासला? तू शिकलीस हे त्यांना कळलं कसं?”

“मीच लिहून कळवलं.”

पलीकडे जरा वेळ विचार चालला.

“तूच लिहिलंस, मी शिकले म्हणून? आणि त्यांनी मान्य केलं?”

“पुरावे जोडले होते ना.”

“आधी माहीत असतं,” आई म्हणाली, “तर दहावीला क्लासचे पैसे भरले नसते.”