गुडबाई

हॉलिवूडच्या थरारपटांत आईबाप मरतात ते कथेची गरज म्हणून, असं जाणकार सांगतात. माझा संशय निर्मात्याच्या हिशेबनीसावर आहे. आई आणि बाप म्हणजे दोन नट, दोघांचं मानधन, दोघांचे कपडे, शिवाय अधूनमधून दोघांना काहीतरी बोलायला द्यायचं. त्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटांत त्यांना बाहेर जेवायला धाडावं आणि रात्री दारात एक पोलीस उभा करावा. एका गणवेशात काम भागतं. मुलं अनाथ झाली की काका-मामा, शाळा, शेजार सगळंच ऐच्छिक होऊन बसतं. प्रेक्षकाचा कळवळा तेवढा फुकट मिळतो.

ही उपपत्ती मला 'ग्लास हाऊस : द गुड मदर' हा २००६चा सिनेमा बघताना सुचली. सुचली म्हणजे, शेजारी आत्या बसली होती. आत्याने उभी नोकरी सरकारी इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात काढली आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाली. इंग्रजी संवाद तिच्या कानावरून जातात, पण पडद्यावरच्या माणसाच्या हातात काय आहे, ते तिच्या नजरेतून सुटत नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर सोफ्यावर पाय वर घेऊन ती असले सिनेमे ड्यूटीवर असल्यासारखी बघते.

आधीचा सिनेमा, म्हणजे २००१चा 'द ग्लास हाऊस', खात्यापित्या घरातला होता. खर्च सुमारे ३ कोटी डॉलर. डायन लेन, स्टेलान स्कार्सगार्ड, ब्रूस डर्न अशी भारदस्त मंडळी, मालिबूला काचेचा बंगला, आणि नुसतं मरण्यासाठी रीटा विल्सनसारखी नावाजलेली नटी. पैसा असला की माणसं मरतातही ऐपतीने. सोळा वर्षांची रूबी आणि तिचा धाकटा भाऊ ऱ्हेट यांना त्यांचे जुने शेजारी, ग्लास पती-पत्नी, आपल्याकडे नेतात. नवरा सावकारांच्या कर्जात बुडालेला, बायको डॉक्टर असून स्वतःच नशेच्या आहारी गेलेली, आणि मुलांच्या नावावर ट्रस्टमध्ये ४० लाख डॉलर. पुढचं तुम्ही ओळखलंत. रूबीला वेळ लागतो.

त्यातली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. हा टेरी ग्लास पोरीला शाळेसाठी 'हॅम्लेट'वरचा निबंध लिहून देतो. बापाचा काटा काढून त्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने जगातली सगळी नाटकं सोडून नेमक्या त्याच नाटकावर लेखणी उचलावी! वर तो निबंध उचललेला निघतो. खून पचतो, वाङ्मयचौर्य पकडलं जातं. शिक्षणव्यवस्थेवर याहून तिखट भाष्य मी थरारपटात तरी पाहिलेलं नाही.

तो प्रदर्शित झाला १४ सप्टेंबर २००१ रोजी. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून तीन दिवस झाले होते. काचेच्या बंगल्यातल्या दोन पोरांची काळजी करत बसण्याइतकी उसंत अमेरिकेत कोणाला असणार? खर्चही भरून निघाला नाही.

अशा सिनेमाचा दुसरा भाग कोण काढतो? ज्याला थिएटरची पायरीच चढायची नाही, तो. तो जमाना डीव्हीडीचा होता. सोनीकडे जुन्या सिनेमांची नावं पडून होती आणि नावाला भाडं लागत नाही. 'वाइल्ड थिंग्ज २', 'सिंगल व्हाइट फीमेल २', '८एमएम २', 'हॉलो मॅन २' अशी सगळी भावंडं दोन-तीन वर्षांत लागोपाठ जन्मली. आधीच्या गोष्टीशी बहुतेकांचं नातं लग्नपत्रिकेतल्या 'आमचे येथे श्रीकृपेकरून'इतकंच. गिऱ्हाइकाने दुकानातल्या फळीवर ओळखीचं नाव पाहावं आणि खोकं उचलावं, एवढीच अपेक्षा. दुसऱ्या 'ग्लास हाऊस'मध्ये ग्लास कुटुंब नाही, रूबी-ऱ्हेट नाहीत, मालिबूही नाही. अॅबी आणि ईथन ही नवी भावंडं आहेत, आणि त्यांना दत्तक घेणारे रेमंड आणि ईव्ह गुड. आत्याने पहिल्याच दृश्यापासून तिला 'गुडबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि आमच्या घरात तेच नाव कायम झालं.

आता गंमत बघा. पहिल्या सिनेमातला खलनायक पैशासाठी वाईट होता. दुसऱ्यातल्या खलनायिकेला ती चैन परवडत नाही, कारण पैशाची हाव दाखवायची तर आधी पैसा दाखवावा लागतो. मग वकील आले, बँक आली, सावकाराचे दोन धिप्पाड गुंड आले, त्यांची गाडी आली. सगळ्यांना चहापाणी. म्हणून गुडबाईला पैसा नको आहे. तिला आई व्हायचं आहे, तेही आजारी मुलाची. तिचा स्वतःचा मुलगा गेलेला आहे, आणि आता ती धाकट्या ईथनला हळूहळू विष घालून आजारी पाडते, मग त्याच्या उशाशी बसून त्याची सेवा करते. साहित्य : एक पलंग, एक पोरगं, थोडी औषधं. एवढ्या कमी भांडवलात एवढं वाईट वागलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि कबूल करायला हवं, ही काटकसर सिनेमाला मानवते. ब्रेक निकामी केलेली गाडी घाटात कोसळली तर आपण पॉपकॉर्न खात राहतो. पण आईने पुढे केलेला चमचा पोराने तोंडात घ्यावा की नाही, या प्रश्नाने घशात घास अडकतो. 'द सिक्स्थ सेन्स'मध्ये हाच प्रकार एका छोट्याशा उपकथेत उरकला होता. इथे तो दीड तास ताणलाय, आणि त्यातला निदान अर्धा तास पळापळीत वाया गेलाय. पण जो उरतो तो टोचतो.

आत्याला तर फारच टोचला. "औषध देते आणि वेळ लिहून ठेवत नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मेमो दिला असता हिला."

मी म्हटलं, "अगं, ती विष देतेय."

"ते मला दिसतंय. पण त्याचीसुद्धा नोंद नको?"

तिला मी त्या विकृतीचं नाव सांगितलं : मुंचाउसन सिंड्रोम बाय प्रॉक्सी. १८व्या शतकात मुंचाउसन नावाचे एक जर्मन सरदार थापांसाठी प्रसिद्ध होते. रिचर्ड अॅशर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९५१ साली खोट्या दुखण्यांनी इस्पितळं पालथी घालणाऱ्या रुग्णांना त्यांचं नाव दिलं. पुढे १९७७ मध्ये लीड्सचे बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोन हकिगती मांडल्या : एका आईने लेकीच्या लघवीच्या नमुन्यांत भेसळ केलेली, दुसरीने बाळाला मीठ चारलेलं. स्वतःचं नव्हे, तर पोराचं दुखणं रचायचं, म्हणून 'बाय प्रॉक्सी'.

आत्याला मेडो ठाऊक नव्हते, पण बाई ठाऊक होती. "ज्या आईला पोराच्या तापापेक्षा डॉक्टरांचा राउंड जास्त महत्त्वाचा वाटायचा ना, तिच्या पोराचा चार्ट मी दोनदा बघायचे," ती म्हणाली. मग एकदम : "या अमेरिकन बायकांकडे कामाला बाई नसते का रे?"

या प्रश्नाने हॉलिवूडचं अर्धं दालन कोसळतं. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मंगळवारपर्यंत कळलं असतं की धाकट्याच्या पेल्याला कसलातरी वास येतो. बुधवारी ते वरच्या मजल्यावर गेलं असतं, आणि गुरुवारी गुडबाईला नवीन मावशी शोधाव्या लागल्या असत्या, त्याही तुरुंगातून. पण मावशी म्हणजे पुन्हा एक मानधन. असल्या सिनेमांतली ती भयाण एकाकी घरं, ते रिकामे रस्ते, तो कधी न वाजणारा दरवाजा, या सगळ्याला समीक्षक वातावरणनिर्मिती म्हणतात. हिशेबनीस त्याला बचत म्हणतो.

नटमंडळींची मात्र मला दया आली. गुडबाई झालेली अँजी हार्मन त्याआधी 'लॉ अँड ऑर्डर' मालिकेत कडक सरकारी वकील होती, आणि तिथे तिचं नाव होतं अॅबी. म्हणजे एके काळी गुन्हेगारांना आत टाकणारी अॅबी आता दुसऱ्या अॅबीला छळत होती. दिग्दर्शक स्टीव्ह अँटिन पुढे शेर आणि क्रिस्तिना अॅग्विलेरा यांना घेऊन 'बर्लेस्क' करायला गेले. मुलांपासून दूर, नाचगाण्यात. ईथन झालेला बॉबी कोलमन पुढच्याच वर्षी 'मार्शियन चाइल्ड'मध्ये पुन्हा अनाथ. त्यात तो पुठ्ठ्याच्या खोक्यात लपून राहतो आणि आपण मंगळावरून आलोय असं सांगतो. गुडबाईच्या घरी राहून आलेलं पोर आणखी काय सांगणार!

"पण मुलं दिली कोणी हिला?" हा आत्याचा शेवटचा आणि सगळ्यात गंभीर आक्षेप. आपल्याकडे दत्तक घ्यायचं तर 'कारा' या सरकारी दत्तक यंत्रणेकडे नोंदणी, उत्पन्नाचे कागद, डॉक्टरांचा दाखला, घरी येऊन पाहणी, आणि मूल घरी आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेट. आत्याच्या मैत्रिणीच्या मुलाने यातून जाऊन एक लेक घरी आणली. त्या काळात त्याच्या घरातल्या फ्रीजची दारंसुद्धा पाहणीच्या धास्तीने चकाचक असत. पहिल्या 'ग्लास हाऊस'मध्ये समाजसेविका होती. कॅथी बेकरने केली होती. तिला काही दिसलं नाही, आणि घराच्या भिंती तर काचेच्या होत्या.

नंतर मी आत्याला 'ऑर्फन' दाखवला. २००९च्या या सिनेमात पारडं उलटं आहे : आईबाप बिचारे, आणि दत्तक आणलेली नऊ वर्षांची एस्थर प्रत्यक्षात तेहेतीस वर्षांची बाई. ते काम करणारी इझाबेल फुरमन तेव्हा लहान होती. २०२२च्या पुढच्या भागात, जो गोष्टीत आधी घडतो, तिनेच पुन्हा तीच लहान एस्थर केली, तेव्हा ती पंचविशीला टेकली होती. ती बुटकी दिसावी म्हणून आजूबाजूच्या नटांना उंच टाचांचे बूट चढवले होते. हे सगळं मी रंगवून सांगत होतो. आत्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"दत्तक देताना हिची वजन-उंची घेतली नाही कोणी? दात मोजले नाहीत? तेहेतीस वर्षांची बाई, अक्कलदाढ आलेली असणार. तोंड उघड म्हणायचं, बॅटरी मारायची. दोन मिनिटांचं काम."

सिनेमा दोन तासांचा आहे, असं मी तिला सांगितलं.

"हो ना," आत्या म्हणाली, "म्हणूनच त्यांनी सिस्टर ठेवली नाही."