टंचाई आम्हाला कोण शिकवणार?

पुढे म्हणे जगात साऱ्याच गोष्टींचा तुटवडा पडणार, आतापासून तयारीला लागा. सातारा-सांगलीकरांना हे सांगू नका. आमचा सराव जुना आहे. साताऱ्यात 105 टीएमसीचं कोयना धरण आहे आणि माण-खटावात टँकरची वाट बघणाऱ्या घागरीही आहेत. दोघांची ओळख करून द्यायची तेवढी राहिलीय. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी धाडलं. आपल्याच सांगली जिल्ह्यातलं जत मात्र कोरडं. चूक जतचीच, इतक्या जवळच्या गावाला रेल्वेनं पाणी पाठवण्यात काय शोभा? ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णामाई थेट सांगलीच्या घरात शिरली, तेव्हा गळ्याइतक्या पाण्यातले लोक बाटलीभर पाण्यासाठी हात पसरत होते. म्हैसाळ-टेंभू उपसा सिंचन योजनांचे पंप बसवायला वर्षं गेली. पुढं वीजबिल थकलं म्हणून तेही गप्प बसले. बिल भरलं, पाणी आलं, की पहिली लागण उसाची! तो पुरेसं पाणी प्याला, की उरलेल्यांसाठी पुढाऱ्यांचे टँकर आहेतच. दूरदृष्टी नाही असं कोण म्हणतं?