पथ्य सांगायचं राहिलं

उजनीच्या पाण्यावर जेऊर-कंदर पट्ट्यात केळी पिकते. इथल्या शेतकऱ्याला त्वचेची निगा शिकवायला कुणी येऊ नये. घडाला डाग पडू नये म्हणून तो त्यावर स्कर्टिंग बॅग चढवतो, फण्या धुऊन घेतो. एवढं करूनही एखाद्या फणीवर ओरखडा दिसला की व्यापारी ती बाजूला काढतो, "ही लोकलला घाला." विषय संपला. साल चांगली म्हणायची तर ती चांगली दिसली पाहिजे, असा हा अडाणी व्यवहार.

माणसाच्या सालीचा धंदा फार पुढारलेला. तिथे माल आधी खपतो आणि डाग गिऱ्हाइकाच्या नशिबात निघतो.

लगीनसराईत कुठल्याही जनरल स्टोअर्ससमोर उभं राहा. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. पाहुणे आठवड्यानं बघायला येणार आणि पुडी सात दिवसांत उजळपणा देणार, हिशेब चोख. बाहेर ऊन चाळिशीपार आणि पोरीला रानातलं काम सुटलेलं नाही, हा भाग जाहिरातीत येत नाही. जेऊरहून थोडं पुढे केम. तिथलं कुंकू गावोगाव जातं, पण त्या पुडीवर 'सात दिवसांत सौभाग्य' असं छापायची अक्कल अजून कुणाला सुचलेली नाही.

दिल्लीतल्या एका गृहस्थानं मात्र जाहिरात मनावर घेतली. 2013 मध्ये त्यानं 79 रुपयांची 'फेअर अँड हँडसम' घेतली, सांगितल्याप्रमाणे लावली. गोरेपणा आला नाही तेव्हा तो इमामी कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात गेला. कंपनीचा युक्तिवाद जपून ठेवण्यासारखा आहे. नुसती क्रीम लावून भागत नाही. समतोल आहार हवा, व्यायाम हवा, स्वच्छ राहणी हवी. शिवाय हे उत्पादन सोळा ते पस्तीस वयाच्या धडधाकट तरुणांसाठी, आजारी माणसांसाठी नव्हे. म्हणजे वैद्यानं औषध दिलं, पैसे घेतले, आणि पथ्य एकदम कोर्टात सांगितलं! यातलं काही वेष्टनावर का नाही, असं जिल्हा ग्राहक आयोगानं विचारलं आणि साडेचौदा लाख रुपये दंडात्मक भरपाई ठोठावली. तोवर 2024 चा डिसेंबर उजाडला होता. अकरा वर्षांत रंग उजळला नसेल, केस मात्र पांढरे व्हायला पुरेसा अवधी मिळाला.

त्याआधी 2020 मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरला साक्षात्कार झाला आणि 1975 पासूनच्या 'फेअर अँड लव्हली'तलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. जाहिरातीत ज्या मुलींची लग्नं आणि नोकऱ्या रंगापायी अडत होत्या, त्या एका पत्रकानं तेजस्वी झाल्या. गोरेपणा मोजता येतो, त्यावर खटला भरता येतो. तेज कोण मोजणार?

इथवर हसण्यावारी नेता येतं. अकोल्याचं नेता येत नाही. 2023 मध्ये उजेडात आलेलं हे प्रकरण: कॉलेजातल्या मुलीनं ब्युटीशियनकडून क्रीम घेतली, पुढे आई आणि बहिणीनंही तीच लावली, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये तपास झाला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेचा रंग बनण्याची क्रियाच रोखतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. या धंद्यातली खरी ठरणारी जाहिरात नेमकी ही, हा त्यातला विनोद म्हणायचा.

दुसरी खरी ठरणारी वस्तू मेडिकलमध्ये मिळते. खाज-इसबाची स्टिरॉइड असलेली ट्यूब 'गोरं व्हायची ट्यूब' म्हणून मागितली जाते. पहिले काही दिवस चेहरा छान दिसतो; मग कातडी पातळ होते, लाली आणि पुरळ येतात, ट्यूब थांबवली की आग होते. 2018 पासून अशा चौदा स्टिरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. बंदी कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर.

तेव्हा बायाबापड्यांनो, डबीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसेल तर ती पार्लरवालीलाच परत द्या. बिल मागा, जपून ठेवा. फसवल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. फसव्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं पहिल्या खेपेस दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो त्यात चेहरा उजळून दाखवणाऱ्या नटनट्यांनाही लागू आहे.