सामायिक मीटरची काटकसर

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील ऊर्जाबचतीचा उगम ‘सामायिक मीटर’मध्ये, म्हणजे जिना, लिफ्ट आणि पंप यांची वीज मोजून तिचे बिल सर्व सभासदांच्या माथी मारणाऱ्या उपकरणात, आढळतो. जिन्यातील ९ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, वीज खर्चायला शंभराहून अधिक तास घेतो. तरीही तो रात्री अकरानंतर मालवावा काय, यावर सर्वसाधारण सभा खल करीत बसते आणि सभागृहातील दीड टनी एसी तेवढी वीज तासाभरात फस्त करतो. त्याचे तापमान २४ अंशांवरून १८ वर आणणे हा मात्र सभासदांचा जन्मसिद्ध हक्क ठरतो. अखेर दिवा मालवण्याचा ठराव एकमताने संमत होतो आणि काळोख्या जिन्यात ठेचकाळणे नको म्हणून पहिल्या मजल्यावरील सभासदही लिफ्टनेच घरी जातात.