अस्सल काळ्या रंगाचा भाव

दसऱ्याच्या आठवड्यात टीव्हीच्या शोरूममध्ये पाऊल टाकलं की समोर पोपट येतो. निळा-पिवळा, परदेशी, एकेक पीस मोजून घ्यावं इतका स्पष्ट. त्याच्या मागोमाग मधाची धार, दुधात पडणारी स्ट्रॉबेरी आणि बर्फाळ डोंगरावरची पहाट. दुकानात वीस टीव्ही असोत की चाळीस, सगळीकडे हाच कार्यक्रम. गिऱ्हाईक हरखतं. 'हे आपल्याकडे कुठल्या चॅनलवर लागतं?' असं मात्र कुणी विचारत नाही. घरी त्याच पडद्यावर साडेआठ वाजता सासूबाई सुनेच्या दुधात काहीतरी कालवणार आहेत, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

शोरूममधला टीव्ही 'व्हिव्हिड' मोडवर लावलेला असतो. दुकानाच्या लख्ख उजेडात शेजारच्या टीव्हीवर कुरघोडी करायची, म्हणून ब्राइटनेस टोकाला, रंग भडक आणि पांढऱ्यात निळसर झाक. धोतराला नीळ घालणाऱ्या आजीला हे तंत्र केव्हाच कळलं होतं; फक्त ती त्याचे दीड लाख घेत नव्हती. आता बऱ्याच टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' असतो. सिनेमा दिग्दर्शकाने रंगवला तसाच दिसावा, एवढाच त्याचा उद्देश. तो लावून पाहा. दोन मिनिटांत आतून आवाज येतो, "अहो, हा पिवळा का दिसतोय? पीस डिफेक्टिव्ह दिला वाटतं!" त्याच संध्याकाळी 'व्हिव्हिड' परत येतो आणि बातम्या देणाऱ्या बाईंचे गाल पुन्हा टोमॅटो होतात.

खरी गंमत मापात आहे. आपला हॉल दहा बाय बारा. त्यातून सोफा, टीपॉय आणि शू-रॅक वजा केलं की डोळा ते पडदा अंतर उरतं साधारण आठ फूट. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके. धडधाकट डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायचे तर त्यांच्यात अंशाचा साठावा भाग अंतर लागतं. हे गणित ५५ इंची टीव्हीला लावलं तर उत्तर येतं साडेतीन फूट. थोडक्यात, मोजलेल्या पैशांचे सगळे ठिपके वसूल करायचे असतील तर सोफा सोडून टीपॉयवर बसलं पाहिजे. एट-केत ठिपके चौपट, तेव्हा बैठक दोन फुटांच्या आत. तिथून चित्र नाही दिसत, नायिकेच्या भुवईचा थ्रेडिंगवाल्या बाईने केलेला घोटाळा दिसतो.

बरं, हे ८३ लाख ठिपके भरायचे कशाने? एचडी चॅनल असेल तर सुमारे २१ लाख येतात, एसडी असेल तर चार लाखांच्या आसपास. आणि आपल्याकडचा नियम असा की टीव्ही घेताना दीड लाखाला मागेपुढे बघायचं नाही, पण डिशवाल्याच्या एचडी पॅकचे महिन्याचे जास्तीचे रुपये म्हणजे निव्वळ उधळपट्टी! "तेच तर दिसतं हो, एसडीत काय वेगळं असतं?" हे वाक्य फोर-के टीव्हीखाली बसून म्हणायला जिगर लागते. मग एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस ठिपके टीव्ही स्वतःच्या मनाने रचतो, आणि पाहुण्यांना सांगितलं जातं, "क्लॅरिटी बघा!"

मनाने रचण्याची ही सवय तिथेच थांबत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. १२० हर्ट्झचा टीव्ही प्रत्येक दोन चौकटींमध्ये आणखी चार आपल्या अकलेने घुसवू शकतो. परिणाम असा की कोट्यवधी रुपये खर्चून काढलेला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. २०१८ मध्ये टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं, बाबांनो, टीव्हीतलं हे मोशन स्मूदिंग बंद करा. इमारतींवरून उड्या मारणाऱ्या माणसाला हरवलं कुणी, तर रिमोटमधल्या सेटिंगने. आपल्या सोसायटीत त्याचं कुणी ऐकलेलं नाही.

आता ओएलईडी. हा टीव्हींमधला खानदानी. यातल्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा उजेड असतो. ठिपका विझला की तिथे काळा म्हणजे अस्सल काळा. क्यूएलईडी आणि मिनी एलईडीत मागे दिवे असतात, पुढे पडदा. त्यामुळे काळोखात थोडा उजेड झिरपतोच. सेल्समन हॉलमधले दिवे मालवून विचारतो, "सर, असा ब्लॅक कुठे बघितलाय?" नाही बघितला. पण त्या काळ्याचे जे लाखभर जास्त मोजायचे, तो काळा मराठी मालिकेत येतो कधी? रात्रीचे दोन वाजलेत, वाड्यातली वीज गेलीय, खलनायिका पावलं न वाजवता तिजोरीकडे निघालीय, आणि दिवाणखान्यात फ्लडलाइट! पैठणीच्या काठावरचे मोर मोजता येतात, नथीतला मोती लुकलुकतो, भिंतीवर एक सावली पडेल तर शपथ. या मालिकांसाठी ओएलईडी घेणं म्हणजे शुद्ध भाबडेपणा.

ओएलईडीला दुसरा एक आजार आहे. एकच आकृती पडद्यावर तासन्तास तशीच राहिली तर तिची छाप कायमची उमटू शकते. कंपन्यांनी त्यावर इलाज बरेच केलेत. पण त्यांनी आपले आजोबा पाहिलेले नाहीत. सकाळी सातपासून रात्रीपर्यंत एकच वृत्तवाहिनी, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात बोधचिन्ह. मंत्रिमंडळं बदलतील, 'ब्रेकिंग न्यूज'ची पट्टी हलणार नाही. अशा घरी ओएलईडी नेऊ नये, हा मात्र विनोद नाही.

आवाजाबद्दल शोरूममध्ये कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तिथे सगळे टीव्ही मुके असतात. पॅनल बोटाएवढं बारीक झालं, मग स्पीकर बसणार कुठे? ते पडद्याच्या खालच्या कडेला, तोंड जमिनीकडे करून बसवलेत. संवाद आपल्यासाठी नसून फरशीसाठी असतात. मग साउंडबार येतो, त्याचा दुसरा रिमोट येतो, आणि आईला नुसता आवाज वाढवायचा असेल तर नातवाला क्लासवरून बोलवावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला. वाचलेले पैसे कुणाच्या खिशात राहिलेले मला दिसले नाहीत. ५५ च्या जागी ६५ आला, इतकंच. 'नो कॉस्ट ईएमआय'चंही तसंच. बँक व्याज लावतेच, तेवढीच रक्कम सूट म्हणून किमतीतून वजा दाखवतात, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तेवढा गुपचूप आपल्या खात्यातून जातो. शिवाय एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट आपण मागतच नाही. हप्ता बसतो ना? झालं.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाण्याआधी घरी टेप घेऊन सोफ्यापासूनचं अंतर मोजा. पेन ड्राइव्हवर रोजच्या मालिकेसारखं साधं काहीतरी न्या आणि सेल्समनला ते दुकानी मोड काढून लावायला सांगा. त्याचा चेहरा पडेल, पडू द्या. रात्री दिवे मालवून मन लावून सिनेमे बघणारं घर असेल तर ओएलईडी खुशाल घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. बाकीच्यांनी बरा मिनी एलईडी घ्यावा आणि उरलेल्यात साउंडबार. एट-केच्या वाटेला जाऊ नका. आणि एचडी पॅक आजच सुरू करा. टीव्हीच्या एका हप्त्यात तो वर्षभर चालतो.