गुडघ्याचा पाहुणचार

माझा उजवा गुडघा माझ्याआधीच निवृत्त झाला. सांधा झिजलाय, सूज आहे, आहाराकडे लक्ष द्या, असं डॉक्टर म्हणाले. आहाराकडे लक्ष द्या! जन्मभर मी दुसरं केलंय काय?

तरी दिलं. हळदीनं सूज उतरते म्हणे, म्हणून रात्रीचं हळदीचं दूध सुरू झालं. हळदीतलं कुर्क्युमिन नुसतं फारसं अंगी लागत नाही, मिरीतलं पिपरिन सोबत असलं की रक्तात जास्त उतरतं, म्हणून मिरपूड आली. मिरपुडीनं घसा धरला म्हणून साखर आली आणि इतकं सगळं चाललंय तर सायीनं काय घोडं मारलंय, म्हणून साय आली. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी झाली. पण जवसातल्या ओमेगा-३ चा अगदी थोडा भाग शरीराला हवा त्या रूपात येतो, माशातला मात्र थेट मिळतो, हे वाचलं आणि मी पिशवी घेऊन मासळीबाजारात! बांगडे, तारल्या, रवा लावून तळलेल्या. आधीची पोळी, भात, संध्याकाळची भजी यांतलं अर्थातच काही बंद केलं नाही. कुणाच्या पोटावर पाय देणं आपल्या स्वभावात नाही, स्वतःच्या तर नाहीच.

"अहो, नक्की गुडघाच जेवतोय ना?" हिनं विचारलं.

पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या काट्यानं ३ किलो वाढ दाखवली. डॉक्टर म्हणाले, वजन १ किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी हलका होतो. मी मनातल्या मनात उलटा हिशेब केला. म्हणजे तांदळाची १२ किलोंची गोणी मी पावलोपावली त्या बिचाऱ्यावर आपटत होतो, आणि तीही औषध म्हणून.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका रात्री पायाचा अंगठा टम्म सुजला, लालबुंद झाला, नुसती चादर लागली तरी मी किंचाळू लागलो. तपासणीत युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. तारल्यांत प्युरिन भरपूर. त्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं आणि ते फार झालं की त्याचे स्फटिक सांध्यात साचतात. गुडघ्यासाठी आणलेली तारली अंगठ्यात उतरली होती.

सोसायटीतल्या एका काकांनी लगेच "डाळ बंद!" असं फर्मान काढलं. वरणाशी माझं लहानपणापासूनच जमत नाही, त्यामुळे हा सल्ला मी तिथल्या तिथे अमलात आणला. डॉक्टरांनी तोही मोडीत काढला. डाळीतल्या प्युरिननं हा आजार वाढत नाही, वरण खुशाल खा. तारली, कलेजी आणि गोड सरबतं आवरा, पाणी भरपूर प्या. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बिअर घेता?"

"कधीतरी," मी पुटपुटलो.

ही शेजारीच बसली होती. "अगंबाई! ती कुठल्या सांध्यासाठी?"