सव्वा किलोचा पैलवान

कोल्हापूरच्या राजारामपुरीत हल्ली कॉम्प्युटर वजनावर विकतात. काट्यावर नव्हे, तोंडानं. वेग विचारा, काउंटरवरचं पोरगं म्हणतं, "सव्वा किलो." मेमरी विचारा, "काका, फक्त सव्वा किलो." हमी किती वर्षांची म्हटलं, तर त्यानं लॅपटॉप दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर नाचवला. "बघा की, हातात हाय का न्हाई कळतबी न्हाई!"

एवढे पैसे मोजून वस्तू हातात आहे की नाही हेच कळणार नसेल, तर तो अनुभव मला घरबसल्या फुकट मिळतो.

ज्या गावात कुस्तीचं खासबाग मैदान आहे, त्या गावात हडकुळेपणाचे जास्त पैसे लागतील असं वाटलं नव्हतं. तालमीत पोरगं घातलं की घरदार दूध, तूप, बदामाची थंडाई ओतून त्याचं वजन वाढवतं. इथं मोठमोठ्या इंजिनियरांनी वर्षभर खपून ते घटवलंय. अडीच किलोचा गडी चाळीस हजारांत, सव्वा किलोचा नव्वद हजारांत. अजून उपाशी ठेवला तर लाखाच्या वर जाईल.

आमचा जुना कॉम्प्युटर २००६ सालचा. त्याचा पंधरा इंची, काचेच्या नळीचा मॉनिटरच बारा किलोच्या पुढं. त्या काचेत क्ष-किरण अडवायला शिसं घातलेलं असतं, म्हणून जड. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ च्या वर गेली, तेव्हा गल्लीतल्या चौघांनी तो माडीवर चढवला. दोघांच्या कमरा धरल्या, कॉम्प्युटरला काही झालं नाही. पुराला तो पुरून उरला आणि परवा मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगून गेला. भंगारवाल्यानं काटा काढला, खराखुरा. कॅबिनेटचा किलोवर भाव सांगितला, मॉनिटर नको म्हणाला. म्हणजे घेताना जेवढं हलकं तेवढं महाग आणि विकताना जेवढं जड तेवढं महाग. या हिशेबानं नव्वद हजारांच्या गड्याचा उद्या भंगारात एक वडापाव येईल. चहा पदरचा.

बरं, हे वजन उतरवलं कुठून? सीडी घालायचं तोंड काढलं, नेटची केबल लावायची जागा काढली, प्रिंटरची तर कधीच काढली. कडेला राहिली दोन बारीक भोकं, त्यातलं एक चार्जरचं. "मग लग्नाची सीडी कुठं लावायची?" "बाहेरनं ड्राइव्ह घ्यायचा." "केबल?" "हब घ्यायचा." "पेनड्राइव्ह?" "हबलाच." "तापतो म्हणतात?" "खाली फॅनवालं स्टँड मिळतंय की." एकेक डबा काउंटरवर येत गेला. ड्राइव्ह, हब, स्टँड, माउस, आणि लॅपटॉपचा कीबोर्ड माझ्या बोटांना चपटा वाटतो म्हटल्यावर आणखी एक कीबोर्ड. हे सगळं न्यायला पाठीवरची बॅग मोफत. ती उचलली आणि खांद्यातनं कळ गेली. "सव्वा किलोच हाय काका," पोरगं म्हणालं, "बाकीचं ॲक्सेसरीजचं."

इथवर मी हसत होतो. मग विचारलं, रॅम पुढं वाढवता येईल का? "न्हाई, ती बोर्डावरच सोल्डर केलेली असती." बॅटरी? "चिकटवलेली." बिघडलं तर? "अख्खा बोर्ड बदलायचा. नवीन घेतलेलंच परवडतंय."

अरे, हे कोल्हापूर आहे! इथं उद्यमनगरात ऑइल इंजिनाचा जुना भाग नमुना म्हणून टाकला की लेथवर तसाच कातून देतात. बापाची मोटरसायकल बोअर करून पोरगा फिरवतो. आमच्या जुन्याची रॅम २५६ एमबीवरून २ जीबीवर गेली, हार्ड डिस्क बदलली, एसएमपीएस बदलला, आणि दर वेळी एका स्क्रू ड्रायव्हरात काम झालं. आणि आता नव्वद हजार घेऊन मला सांगणार, की माझी वस्तू मी उघडायची नाही? चार स्क्रूंचं असं किती वजन होतं रे? ते काढून तिथं डिंक लावला तो वजनासाठी नाही. गिऱ्हाईक तीन-चार वर्षांत परत याच काउंटरवर यावं म्हणून लावला. लुटायचं ते लुटा, पण वर ते एका बोटावर उचलून माझ्याकडनं टाळ्या कशाला मागता?

"जड दाखव," मी म्हणालो. "लोखंडी डबा, स्क्रूवाला."

पोरगं आतनं एक धिप्पाड कॅबिनेट घेऊन आलं. एक बाजू काचेची, आत तीन पंखे, पंख्यापंख्यात लाल-हिरवे-निळे दिवे. असेंबल करून देतो म्हणालं, सगळं बदलता येतं. वजन विचारलं तर खाली बघायला लागलं. "धा किलोच्या पुढं जाईल, काका."

मी उभ्या उभ्या ॲडव्हान्स दिला.

"हे दिवे तेवढे बंद ठेव."

"बंद होत्यात की. त्याला ॲप टाकावं लागतंय. मोबाईल नंबर सांगा."